मोठ्या माणसांचा वर्ग

आमच्या गावच्या वाचनालयामागे एक लांबट खोली आहे. पावसाळ्यात तिथे जुन्या मासिकांचे गठ्ठे ठेवतात, एरवी कॅरम खेळतात. याच खोलीत आठवड्यातून तीन संध्याकाळी मी मोठ्या माणसांचा इंग्रजीचा वर्ग घेते. घेते म्हणण्यापेक्षा घेण्याचे धाडस करते, असे म्हणणे अधिक खरे. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. दिवसा लहान मुलांना मराठी शिकवावे आणि रात्री कादंबरीसाठी कागद काळे करावेत, हा माझा नेहमीचा क्रम. पण दोन वर्षांपूर्वी वाचनालयाच्या चिटणीसांनी गळ घातली. "बाई, इंग्रजीचे मास्तर शाळा सुटली की रत्नागिरीची एस.टी. पकडतात. इथे राहणाऱ्या तुम्हीच. तुम्हीच घ्या हा वर्ग." मी हो म्हणून बसले.

पहिल्या दिवशी सतरा माणसे आली. बँकेतला शिपाई, दोन रिक्षावाले, एक भाजीवाली मावशी, पतपेढीतल्या दोघी, आणि बाजारपेठेतले एक शिंपीकाका. काकांचे वय साठीला टेकलेले. त्यांची मुलगी बंगळूरला असते. जावई मल्याळी. घरात दोघांची भाषा इंग्रजी, म्हणून पाच वर्षांच्या नातीचीही तीच. फोनवर नात काहीतरी चिवचिवते आणि आजोबा नुसते "हां, हां" म्हणतात. "बाई, पोरगी माझीच, पण तिच्याशी बोलायला मध्ये दुभाषी लागतो," असे त्यांनी नाव घालताना सांगितले होते.

तिसऱ्या आठवड्यात मी काकांना उभे केले आणि धडा वाचायला सांगितला. ते 'ही गो' म्हणाले. मी म्हटले, 'ही गोज्'. ते पुन्हा 'ही गो' म्हणाले. मी पुन्हा दुरुस्त केले. तिसऱ्यांदा तसेच झाले तेव्हा मागच्या बाकावरची तरुण मंडळी हसली. खरे सांगायचे तर मलाही थोडे हसू आले. काकांनी चष्मा काढला, त्याची घडी घातली, तो खिशात ठेवला आणि ते खाली बसले. दुसऱ्या दिवसापासून ते आले नाहीत. दुसरा महिना संपेपर्यंत सतरांतले सहा उरले.

माणूस शिकत नाही तेव्हा त्याचे डोके चालत नाही, अशी आम्ही शिक्षकांनी एक सोयीची समजूत करून घेतलेली असते. मीही ती करून घेणार होते. पण रात्री झोप येईना. मोठ्या वयात परकी भाषा शिकायला बसलेली काही पहिली माणसे ही नव्हेत. आधीच्यांचे काय झाले, हे तरी पाहावे, म्हणून मी जुनी पुस्तके शोधू लागले. पुढे जे लिहिते आहे ते त्या शोधात हाती लागलेले आहे.

पहिली गाठ पडली ती एका फ्रेंच मास्तरांशी. त्यांचे नाव फ्रान्स्वा ग्वँ. जन्म १८३१ चा, नॉर्मंडीतला. हे गृहस्थ लॅटिन शिकवीत. जर्मन शिकावी म्हणून ते हॅम्बुर्गला गेले. तिथे त्यांनी खोलीचे दार लावून घेतले आणि दहा दिवसांत जर्मन व्याकरण व २४८ अनियमित क्रियापदे तोंडपाठ केली. मग मोठ्या आत्मविश्वासाने ते व्याख्यान ऐकायला गेले. एक शब्द कळला नाही. परत येऊन शब्दांचे मूळ धातू पाठ केले. पुन्हा गेले, पुन्हा तेच. मग एका केशकर्तनाच्या दुकानात बसून गिऱ्हाइकांशी बोलून पाहिले. मनात जुळवून ठेवलेले वाक्य ते मध्येच टाकीत आणि गिऱ्हाइके चकित होऊन हसत. लाजून ते पुन्हा पुस्तकांकडे वळले. गटे आणि शिलर यांची भाषांतरे करून झाली. शेवटी त्यांनी तीस हजार शब्दांचा कोश पाठ केला. डोळे बिघडले, पण कानाला भाषा उमगली नाही.

हरून घरी आले, तर त्यांचा लहानगा पुतण्या, जो जाताना नीट बोलतही नव्हता, तो घडाघडा बोलत होता. काका पुस्तके पाठ करीत होते तेवढ्या काळात त्या पोराने न शिकता सारी भाषा खिशात घातली होती! एके दिवशी पोराला दळणाची चक्की दाखवायला नेले. तो सगळीकडे हिंडला, धान्य कसे ओततात, पीठ कसे पडते, पोती कशी भरतात, हे पाहून आला. घरी आल्यावर काही वेळ गप्प होता. मग त्याने छोट्या पिशव्या मागून घेतल्या, ओहळावर खेळण्यातली चक्की मांडली, आणि आधी हे करायचे, मग ते करायचे, असे मोठ्याने म्हणत सारा खेळ पुन्हा पुन्हा केला.

ग्वँ यांना जे पाहिजे होते ते तिथे सापडले. मूल सुटे शब्द गोळा करीत नाही. ते काम पाहते, कामाचा क्रम लावते आणि त्या क्रमाने बोलते. भाषेचा प्राण नामात नसून क्रियापदात आहे. त्यांनी १८८० साली यावर ग्रंथ लिहिला आणि १८९२ साली हॉवर्ड स्वान व व्हिक्टर बेतिस यांनी तो इंग्रजीत आणला. त्यातली पद्धत अशी की, दार उघडण्यासारखे साधे काम घ्यायचे, त्याचे बारीक बारीक टप्पे पाडायचे, आणि प्रत्येक टप्पा करून दाखवीत त्याचे वाक्य म्हणायचे. मी हे इंग्रजी पुस्तक शब्दकोश मांडीवर घेऊन वाचले. दिवसाला चार पाने होत. केशकर्तनाच्या दुकानातला प्रसंग वाचताना मात्र पुस्तक मिटून ठेवावे लागले. ग्वँ यांच्या जागी मला चष्म्याची घडी घालणारे शिंपीकाका दिसू लागले.

ग्वँ यांची कल्पना मोठ्या माणसांच्या खऱ्या गरजेला जोडली ती अमेरिकेत. विसाव्या शतकाच्या आरंभी युरोपातून तिथे माणसांचे लोंढे येत होते. एकट्या १९०७ साली १२ लाख ८५ हजारांहून अधिक माणसे उतरली. पोलंडचा शेतकरी पेन्सिल्व्हेनियाच्या कोळशाच्या खाणीत उतरे आणि मुकादमाची सावधगिरीची हाकही त्याला कळत नसे. त्याच खाणींच्या प्रदेशात पीटर रॉबर्ट्स नावाचे एक धर्मोपदेशक वावरले होते. १९०४ साली त्यांनी तिथल्या खाणकामगारांच्या वस्त्यांवर पुस्तकही लिहिले होते. पुढे ते वाय. एम. सी. ए. या संस्थेत आगंतुकांसाठी काम करू लागले आणि त्यांनी ग्वँ यांच्या वाटेने इंग्रजीचे पाठ तयार केले.

त्यांची मांडणी पाहण्यासारखी आहे. पाठांच्या तीन माला केल्या होत्या: एक घरची, दुसरी कामाची, तिसरी व्यापाराची. घरच्या मालेत सकाळी उठणे, चूल पेटवणे, न्याहारी करणे. कामाच्या मालेत कामावर जाण्यापासून पगार घेण्यापर्यंतच्या गोष्टी. शिक्षकाने खऱ्या वस्तू आणायच्या, कृती करून दाखवायची, मग वर्गाने ती करीत बोलायचे. व्याकरण नंतर. दिवसभर खाणीत कुदळ मारून आलेला माणूस रात्री बाकावर पेंगतो. त्याला जागे ठेवायचे तर धड्यात त्याचाच दिवस असला पाहिजे, हे रॉबर्ट्स यांनी ओळखले. आजच्या भाषेत याला 'रंजक आणि परिणामकारक' अध्यापन म्हणतील. वर्ग रंजक करण्यासाठी गाणी आणि विनोद हवेत असे मला वाटत होते. रॉबर्ट्स यांच्या धड्यांत विनोद नाही. आपल्या कामाचे नाव आपल्याला परक्या भाषेत घेता येऊ लागले, याचाच आनंद त्यांत आहे.

इथेच थांबले असते तर मी खुशीत झोपले असते. पण इतिहास आपल्याला हवा तिथे संपत नाही. १९१४ साली हेन्री फोर्ड यांच्या मोटारींच्या कारखान्याने हायलंड पार्क येथे कामगारांसाठी इंग्रजीची शाळा काढली, आणि ती उभारण्यासाठी रॉबर्ट्स यांनाच बोलावले. पद्धत तीच होती. पण इंग्रजी न येणाऱ्या कामगाराला शाळेत जाणे भागच होते, आणि भाषेबरोबर त्याने कसे राहावे, कसे खावे, कसे स्वच्छ असावे, हेही शिकवले जाई. पदवीदानाचा सोहळा तर विलक्षण असे. व्यासपीठावर एक प्रचंड कढई मांडलेली. कामगार आपापल्या देशाचा जुना पोशाख घालून, हातात बोचकी घेऊन तिच्यात उतरत. शिक्षक लांब पळ्यांनी कढई ढवळल्याचा आविर्भाव करीत. मग तेच कामगार अमेरिकन सूट घालून, हातात छोटे निशाण हलवीत बाहेर येत. टाळ्या पडत.

ही हकीकत वाचली तेव्हा मला माझी खोली आठवली. माझ्याकडे कढई नव्हती, पण 'ही गोज्, गोज्!' म्हणताना माझ्या हातात पळी नव्हती का? पद्धत कितीही चांगली असो, समोरच्या माणसाजवळ जे आहे ते टाकून देण्याजोगे आहे, असे शिक्षकाच्या मनात असले की तीच पद्धत अपमानाचे साधन होते. मोठ्या माणसाच्या बाबतीत तर फारच. मूल वर्गात येते ते रिकाम्या हातांनी. मोठा माणूस चाळीस-पन्नास वर्षांचे काम, मान आणि घरातला शब्द घेऊन येतो. आणि आपण त्याला म्हणतो, ते सारे बाहेर चपलांजवळ ठेव, इथे तू पहिलीत आहेस.

लाज आणि भाषा यांचे हे नाते आपल्याकडच्या बायकांना फार जुने ठाऊक आहे. रमाबाई रानडे १८७३ साली लग्न होऊन आल्या तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या. न्यायमूर्तींनी त्यांना आधी मराठी आणि मग इंग्रजी शिकवायला घेतले. पुढे मिस हरफर्ड नावाच्या बाई त्यांना इंग्रजी शिकवायला येत आणि १८८२ साली पंडिता रमाबाई पुण्यात आल्यावर त्याही या शिकण्यात सामील झाल्या. पण घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना हे मुळीच रुचत नव्हते. टोमणे आणि अबोला यांतून रमाबाईंचे इंग्रजी वाढले. १९१० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आठवणींत हे सारे आहे. पतीचा पाठिंबा नसता तर त्या शिकल्या असत्या का, हे सांगणे कठीण आहे. पाठीशी कोणीतरी उभे होते, म्हणून हसणाऱ्यांचे हसणे सोसवले.

पण माझे मन खरे गुंतले ते आमच्या देवरुखच्या पार्वतीबाई आठवल्यांपाशी. आमच्या गावाहून देवरुख एस.टी.ने तासाभरावर आहे. मी शंभरदा तरी गेले असेन. पण या बाई तिथल्या, हे मला ठाऊक नव्हते. पार्वतीबाईंचा जन्म १८७० चा. महर्षी कर्व्यांशी १८९३ साली पुनर्विवाह करणाऱ्या आनंदीबाई, म्हणजे बाया कर्वे, यांच्या त्या बहीण. विसाव्या वर्षाच्या सुमारास वैधव्य आले. पदरी एक मुलगा. विशी उलटल्यावर त्यांच्या शिक्षणाला खरी सुरुवात झाली. पुढे त्या कर्व्यांच्या विधवाश्रमाच्या कामात शिरल्या आणि हिंगण्याच्या संस्थेसाठी गावोगाव व्याख्याने देत वर्गणी जमवू लागल्या. महाराष्ट्राबाहेर जावे तर इंग्रजीवाचून अडे. आश्रमात राहून शिकावे तर कामातून वेळ नाही, आणि सभोवती सगळी मराठी बोलणारी माणसे.

तेव्हा बाईंनी काय केले? १९१८ साली, अठ्ठेचाळिशीच्या घरात, त्या इंग्रजी शिकण्यासाठी अमेरिकेला गेल्या. महायुद्ध चालू होते. जवळ पैसा बेताचाच. तिथे त्यांनी लोकांच्या घरी घरकामाची नोकरी धरली. पुण्यात ज्यांना सभेत मानाने बोलावीत, त्या बाई परक्या देशात भांडी घासू लागल्या, आणि त्या कामातून बोलायला शिकल्या. १९२० साली त्या परत आल्या आणि पुन्हा आश्रमाच्या कामाला लागल्या. १९२८ साली त्यांनी 'माझी कहाणी' लिहिली; १९३० साली जस्टिन ॲबट यांनी ती इंग्रजीत नेली. ज्या भाषेसाठी बाईंनी समुद्र ओलांडला, त्या भाषेत शेवटी त्यांचे आयुष्यच जाऊन बसले.

गंमत पाहा. ज्या वर्षांत रॉबर्ट्स यांच्या पुस्तकातून परदेशी कामगार चूल पेटवण्याची वाक्ये शिकत होते, त्याच वर्षांत, त्याच देशात, आमच्या देवरुखची एक विधवा कोणत्याही पद्धतीच्या पुस्तकावाचून स्वयंपाकघरात तेच शिकत होती. ग्वँ यांना जे पुतण्याच्या चक्कीजवळ कळले, ते पार्वतीबाईंनी मोरीजवळ अनुभवले. पण दोघांच्या अनुभवांत एक भेद आहे आणि तो मला फार मोलाचा वाटतो. पार्वतीबाई स्वतःच्या इच्छेने गेल्या. हलके काम पत्करले, पण ते कशासाठी, हे त्यांच्या मनात लख्ख होते. त्यांना कोणी कढईत उतरवले नाही. पार्वतीबाई गेल्या आणि पार्वतीबाईच परत आल्या. फक्त एक भाषा जास्त घेऊन.

हे सारे वाचून झाल्यावर एका दुपारी मी शिंपीकाकांच्या दुकानात गेले. ते मशीनवर होते. मला पाहून उठू लागले. मी म्हटले, "काका, बसा. वर्गाला बोलवायला आले नाही. मला तुमचे काम शिकायचे आहे. गिऱ्हाईक दारात आल्यापासून सदरा घडी करून हातात देईपर्यंत काय काय करता, ते क्रमाने सांगा." ते थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिले. चेष्टा करते की काय, असे वाटले असावे. मग त्यांनी गळ्यातली टेप काढली.

त्यांनी सांगितले, मी लिहीत गेले. माप घेणे, वहीत मांडणे, कापड भिजवून आटवून घेणे, इस्त्री, खडूच्या खुणा, बेतणे, कापणे, टीप मारणे, तुरपाई, काज करणे, बटण लावणे. बेतणे आणि कापणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कादंबऱ्या लिहिणाऱ्या मला त्या दिवशी प्रथम कळले. दोनदा मी क्रम चुकवला. काकांनी तो दुरुस्त केला आणि त्या वेळी दुकानातला पोऱ्या हसला. तेव्हा मला माझे कान गरम झालेले जाणवले. गुन्हा केवढासा, पण शिक्षा किती लागते, ते समजले.

आणखी एक गोष्ट त्या वहीत सापडली. काकांच्या तोंडी कॉलर, कफ, पॉकेट, लायनिंग, बटन, झिप, हुक, फिटिंग, शोल्डर, चेस्ट, स्लीव्ह असे तीसएक इंग्रजी शब्द होते. ते त्यांनी कोणत्या वर्गात शिकले नव्हते. ते कामातून आले होते. मी मात्र त्यांना वर्गात 'धिस इज अ कॅट'पासून सुरुवात करून दिली होती. त्यांच्याजवळ नामे होती. नव्हती ती क्रियापदे. म्हणजे ग्वँ ज्याला भाषेचा प्राण म्हणतात, तेवढाच द्यायचा राहिला होता, आणि मी तो सोडून देह नव्याने घडवायला बसले होते.

त्या रात्री मी चौदा वाक्ये लिहिली: मी माप घेतो, मी लिहितो, मी खूण करतो, मी कापतो. सगळी 'मी'ची. 'मी'च्या वाक्यात तो 'गो'चा 'गोज्' करणारा काटा नाही, हा एक फायदा. दुसरा फायदा असा की मोठा माणूस बोलतो ते बहुधा स्वतःविषयीच. पुढच्या सोमवारी वर्गात टेबलावर टेप, खडू, कात्री आणि जुन्या चादरीचा तुकडा ठेवला. वाक्य म्हणायचे आणि कृती करायची. बँकेतल्या शिपायाने रिक्षावाल्याच्या छातीचे माप घेतले. कोणी उभे राहून वाचले नाही. चुका मी मनात ठेवल्या आणि शेवटी, कोणाचेही नाव न घेता, फळ्यावर बरोबर वाक्ये लिहिली. काका त्या दिवशी आले नव्हते. गुरुवारी आले, मागच्या बाकावर बसले. कात्री कशी धरायची यावरून दोघांत वाद झाला तेव्हा मात्र त्यांना राहवले नाही. ते पुढे आले, कात्री हातात घेतली आणि म्हणाले, "आय कट. असं. यू कट." वर्गाने त्यांच्यामागून म्हटले.

सगळे सुरळीत झाले असे नाही. सतरांतले काही परतले, काही आलेच नाहीत. सध्या अकरा येतात. काळ आणि वचने यांशी आमची झुंज चालूच आहे, आणि माझे स्वतःचे उच्चार मॅट्रिकच्या पुढे फारसे गेलेले नाहीत. पण काकांनी मध्यंतरी नातीसाठी एक फ्रॉक शिवला आणि फोनवर तिचा चेहरा समोर ठेवून तो कसा शिवला ते तिला चौदा वाक्यांत सांगितले. कुठेतरी चुकले. नात खळखळून हसली आणि तिने आजोबांना दुरुस्त केले. "परत म्हणायला लावलंन हो तिनं, तीन-तीनदा," असे ते वर्गात सगळ्यांदेखत सांगत होते, आणि सांगताना स्वतःच हसत होते.

आता पाळी भाजीवाल्या मावशींची आहे. येत्या शनिवारच्या बाजारात मी त्यांच्या पाटीजवळ बसणार आहे. वजन करण्यापासून सुट्टे पैसे परत देण्यापर्यंत किती टप्पे होतात, ते मला ठाऊक नाही. वही नवी घेतली आहे.